स्तनातली मोठी साधी गाठ: स्तन जपून ती कशी काढतात

तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचा एक स्तन तीन-चार महिन्यांत दुसऱ्याच्या दुप्पट होतो. कातडी ताणून चकाकते, तिच्याखाली निळ्या शिरा उमटतात, स्तनाग्र एका बाजूला सरकतं. मुलगी ओढणी गच्च गुंडाळून शाळेत जाते आणि आईलाही लवकर सांगत नाही. चाळिशीच्या बाईचं थोडं वेगळं असतं. कित्येक वर्षं होती तेवढीच राहिलेली गाठ एकाएकी वाढू लागते, आणि ती बाई धास्तीपोटी दवाखान्याची पायरी चढत नाही. तपासण्यांत गाठ साधी ठरली, म्हणजे कॅन्सरची नाही असं कळलं, की पुढची भीती असते ती स्तनाची. गाठ एवढी मोठी, मग स्तनही जाणारच, असं घरचे धरून चालतात. काही वेळा डॉक्टरही तसंच सांगतात, कारण बाहेरून पाहिलं तर गाठीशिवाय स्तन उरलेलाच दिसत नाही.

पण तो असतो. साधी गाठ वाढते तेव्हा निरोगी स्तनाला पोखरत नाही, बाजूला रेटते. मोसंबीच्या सालीइतका पातळ झालेला तो थर कातडीच्या आतल्या बाजूला शाबूत असतो आणि गाठ निघाली की हळूहळू पसरतो. तो थर, कातडी आणि स्तनाग्र यांना धक्का न लावता फक्त गाठ बाहेर काढायची, एवढ्यावरच सगळी शस्त्रक्रिया बेतलेली असते.

गाठ कोणती आहे ते आधी ठरवा

तरुण वयातली बहुतेक साधी गाठ फायब्रोएडिनोमा असते. ती रबरासारखी घट्ट, कडा स्पष्ट असलेली आणि बोटाखाली सरकणारी असते. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, ५०० ग्रॅमपेक्षा जड किंवा स्तनाचा चार-पंचमांश भाग व्यापणारी असेल, तर तिला जायंट म्हणतात. वयात येताना झपाट्याने वाढणारा प्रकार म्हणजे जुवेनाइल फायब्रोएडिनोमा. दुसरी महत्त्वाची गाठ फायलोड्स. ती साधारण पस्तीस ते पंचावन्नच्या दरम्यान जास्त दिसते, पण कोवळ्या वयातही होऊ शकते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे साधी, मधली आणि घातक असे तीन प्रकार केले जातात. हाताला आणि सोनोग्राफीत फायलोड्स अगदी फायब्रोएडिनोमासारखी लागते, आणि इथेच गडबड होते.

म्हणून तपासणी तिपेडी करायची: डॉक्टरांनी हाताने तपासणं, सोनोग्राफी आणि सुईने तुकडा घेणं. चाळिशीच्या पुढे मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, हीही लागते. किशोरवयीन मुलीची मॅमोग्राफी करून घेऊ नका. त्या वयात स्तन इतका दाट असतो की चित्र पांढरंफटक येतं आणि क्ष-किरण मात्र विनाकारण अंगावर घेतले जातात. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी बघा. गाठीची मापं तिन्ही दिशांनी दिली आहेत का, कडा कशा लिहिल्या आहेत, आणि कॅन्सरची शंका किती ते सांगणारा बीआय-रॅड्सचा आकडा किती आहे. ३ असेल तर कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांच्या आत असते. ४ किंवा ५ असेल तर तुकड्याच्या तपासणीशिवाय एक पाऊलही पुढे जायचं नाही.

सुईची तपासणी दोन प्रकारची असते. बारीक सुईने पेशी ओढून घेतात ती एफएनएसी. ती स्वस्त आणि झटपट असली तरी फायब्रोएडिनोमा आणि फायलोड्स यांतला फरक तिला खात्रीने सांगता येत नाही. मोठ्या किंवा भराभर वाढणाऱ्या गाठीला कोअर बायोप्सीच मागा. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत, १४ गेजच्या सुईने शेवयांएवढे चार-सहा तुकडे घेतात. प्रत्येक वेळी खट्‌ असा आवाज येतो, तो आधी माहीत असला तर दचकायला होत नाही. नंतर दहा मिनिटं जागा दाबून धरली की थोड्याशा काळ्या-निळ्या डागापलीकडे सहसा काही होत नाही. सुई लावली की गाठ चिघळते किंवा कॅन्सर पसरतो, ही समजूत खोटी आहे आणि तिच्यामुळे पुष्कळ बायकांचे मोलाचे महिने वाया जातात. कोअर बायोप्सीही कधी फसते, कारण मोठ्या गाठीचे सगळे भाग सारखे नसतात. त्यामुळे काढलेल्या पूर्ण गाठीचा रिपोर्ट हाच शेवटचा शब्द.

थांबायचं की काढायची

३ सेंटिमीटरच्या आतली, तपासून साधी ठरलेली आणि न वाढणारी गाठ दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून नुसती बघत राहता येते. ५ सेंटिमीटरच्या पुढे गेलेली, काही आठवड्यांत वाढणारी, स्तनाचा आकार बिघडवणारी किंवा फायलोड्सची शंका असलेली गाठ काढावी. आणि काढायचीच आहे तर लवकर काढावी. ६ सेंटिमीटरची गाठ काढल्यावर स्तन जितका सहज पूर्ववत होतो, तितका १५ सेंटिमीटरच्या गाठीनंतर होत नाही. दहावीची परीक्षा होऊ दे, लग्नसराई जाऊ दे म्हणत वर्ष घालवलं, तर त्याची किंमत कातडीला मोजावी लागते.

गाठ विरघळवणारं खात्रीचं औषध नाही. लेप, शेक, मालिश यांनी ती कमी होत नाही. ताणलेली पातळ कातडी मात्र शेकाने भाजते, आणि भाजलेल्या कातडीवर चांगला चिरा घेता येत नाही. अंगावर दूध पाजणारी बाई असेल तर आधी दुधाची गाठ आणि गळू नाही ना, हे पाहावं. त्या काळात शस्त्रक्रिया केली तर जखमेतून दूध झिरपत राहण्याचा धोका असतो, म्हणून निकड नसेल तर बाळ अंगावरचं दूध सोडेपर्यंत थांबलेलं बरं.

सर्जनला काय विचारायचं

स्तनाचं काम नेहमी करणारा सर्जन निवडा. गाठ फार मोठी असेल तर सोबत प्लास्टिक सर्जन असणं चांगलं. पहिल्याच भेटीत सरळ विचारा: चिरा कुठे आणि किती लांब? स्तनाग्र जागेवर राहील का? कातडी कापणार का, आणि का? रिपोर्ट फायलोड्सचा आला तर पुढे काय? साध्या गाठीसाठी पूर्ण स्तन काढावा लागेल असं कुणी सांगितलं, तर सही करण्याआधी दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. घातक फायलोड्स, किंवा निरोगी थर खरोखर उरलाच नाही अशी एखादी गाठ, एवढे अपवाद सोडले तर तशी वेळ येत नाही.

खर्चाचंही तेव्हाच बोलून घ्या. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. तुमची शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत बसते का, हे रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन त्यालाच विचारा. खासगी विमा असेल तर कागदावर ‘गाठ काढणे’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यातून वगळलेली असते, आणि चुकीच्या एका शब्दावर दावा अडकतो.

चिरा कुठे घ्यायचा

पुढे वर्षानुवर्षं काय दिसणार ते इथे ठरतं. स्तनाखालच्या घडीत चिरा घेऊन साध्या गाठी काढायची पद्धत न्यूयॉर्कच्या गेयार्ड थॉमस यांनी १८८२ साली मांडली. मोठ्या गाठीसाठी आजही तीच बहुतेकदा सर्वांत सोयीची ठरते. ५ ते ८ सेंटिमीटरचा व्रण घडीत लपतो आणि दुधाच्या नळ्यांना हात लागत नाही. खबरदारी एकच. गाठीच्या वजनाने ती घडी खाली ओढली गेलेली असते. दिसते तिथेच चिरा घेतला तर गाठ निघाल्यावर स्तन वर जातो आणि व्रण पोटाच्या वरच्या भागावर उघडा पडतो. म्हणून खूण करताना माप दुसऱ्या, निरोगी बाजूच्या घडीवरून घ्यायचं.

स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने घेतलेला व्रण फार सुंदर मिटतो. पण हिशेब करून बघा. वर्तुळाचा व्यास ३ सेंटिमीटर असेल तर अर्ध्या परिघाचा चिरा जेमतेम पावणेपाच सेंटिमीटरचा होतो, आणि त्यातून १० सेंटिमीटरची घट्ट गाठ सबंध बाहेर येत नाही. मग ती आतच कापून तुकड्यांनी काढण्याचा मोह होतो. फायलोड्सची जराही शंका असेल तर हे मुळीच करू नये. तुकडे झालेल्या गाठीच्या कडा पॅथॉलॉजिस्टला, म्हणजे लॅबमध्ये गाठ तपासणाऱ्या डॉक्टरला, तपासता येत नाहीत, आणि मागे राहिलेल्या कणातून गाठ पुन्हा उगवते. वर्तुळ स्वतःच ताणून मोठं झालं असेल तर मात्र हा मार्ग चांगला.

गाठीवर थेट, विशेषतः स्तनाच्या वरच्या आतल्या भागावर चिरा नको. साडीच्या किंवा ड्रेसच्या गळ्यातून तो दिसतो, आणि छातीच्या मध्याजवळचे व्रण जाड, लालसर, खाजणारे होण्याची शक्यता जास्त असते. मध्यमवयीन बाईचा स्तन मोठा आणि ओघळलेला असेल, तर स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचा आराखडा वापरून गाठ काढणं आणि स्तन वर उचलणं एकाच वेळी साधता येतं.

आदल्या दिवशी आणि त्या सकाळी

हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या होतात. वयानुसार ईसीजी आणि छातीचा एक्स-रे असतो. मासिक पाळी चुकली असेल तर गरोदरपणाची तपासणी करून घ्या. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध चालू असेल तर ते आधीच सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. घन अन्न सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी थांबवतात. तुमचा भूलतज्ज्ञ सांगेल ती वेळ पाळा. दागिने घरी ठेवा आणि नेलपॉलिश काढा, कारण बोटाला लावतात त्या यंत्राला ऑक्सिजन नीट मोजता येत नाही. सोबत पुढून बटणं असलेला सैल शर्ट घ्या. तारेशिवायची, पुढून उघडणारी, रुंद पट्ट्यांची ब्रा घ्या, आणि तिचा आकार निरोगी स्तनाच्या मापाने निवडा.

रुग्ण उभी किंवा बसलेली असताना सर्जनने पेनने खुणा करायला हव्यात: छातीचा मध्य, दोन्ही घड्या, दोन्ही स्तनाग्रांचं गळ्याखालच्या खोबणीपासूनचं अंतर. आडवं झाल्यावर स्तन बाजूला पसरतो आणि खुणा चुकतात. खुणा झाल्याशिवाय स्ट्रेचरवर आडवं होऊ नका, हे नम्रपणे पण ठामपणे सांगायला हरकत नाही. फोटो काढायचे तर लेखी संमतीने, चेहरा न घेता. मुलगी अठराच्या आत असेल तर सही पालकांची असते. तरी सगळं तिला समजावून सांगायला हवं, आणि तपासताना खोलीत बाई असायला हवी.

ऑपरेशन थिएटरमध्ये

पूर्ण भूल दिली जाते. वेळ साधारण एक ते दोन तास लागतो. हात बाजूला काटकोनापलीकडे ताणत नाहीत, नाहीतर नंतर हाताला मुंग्या येत राहतात. घडीत चिरा घेतल्यावर सर्जन स्तनामागून, छातीच्या स्नायूवरच्या पदरावरून वर सरकतो आणि गाठीला मागून गाठतो. यामागे कारण आहे. कातडीला आणि स्तनाग्राला पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या कातडीलगतच्या थरात असतात आणि मुख्यतः छातीच्या मध्याकडून येतात. मागून गेलं की त्या सुरक्षित राहतात.

गाठीचं पांढुरकं, गुळगुळीत आवरण दिसलं की त्याला अगदी लगटून कात्रीने आणि बोटाने ती सोडवत आणतात. पातळ निरोगी थर कातडीकडेच राहायला हवा. इथे घाई झाली तर तो गाठीबरोबर निघून येतो आणि स्तन कायमचा सपाट राहतो. वयात येणाऱ्या मुलीत तर स्तनाग्रामागची वाढती कळी, जिच्यापासून स्तन घडतो, ती कापली गेली, तर तो स्तन पुढे वाढतच नाही. बायोप्सीत फायलोड्स असेल तर हिशेब बदलतो. मधल्या आणि घातक प्रकारात सभोवती १ सेंटिमीटर निरोगी भाग घेऊन काढायची असते. साध्या फायलोड्सलाही पूर्वी हाच नियम लावत. आता गाठ पूर्ण निघाली असेल तर केवळ कड कमी म्हणून दुसरी शस्त्रक्रिया सरसकट करत नाहीत, बारकाईने लक्ष ठेवतात.

मोठ्या गाठीच्या शिरा बोटाएवढ्या फुगलेल्या असू शकतात. त्या एकेक करून बांधतात, नुसत्या जाळत नाहीत. गाठ निघाल्यावर रिकाम्या जागेत रक्ताचा थेंबही सुटत नाही ना, हे पुन्हा पुन्हा बघावं लागतं. भुलेत रक्तदाब खाली असतो, म्हणून तो नेहमीइतका वर आणून एकदा खात्री करतात. मग उरलेला स्तन सैलसर जुळवतात. पोकळी बुजवायच्या नादात आतले टाके करकचून बांधले, तर कातडी आत ओढली जाते आणि कायमचा खळगा पडतो. टाके घालण्याआधी टेबलची पाठ उचलून रुग्णाला बसतं करतात आणि दोन्ही बाजू पाहतात. मग एक बारीक नळी, म्हणजे ड्रेन, आणि आतून विरघळणारे टाके.

लोंबणारी जादा कातडी पाहून ती त्याच वेळी कापावीशी वाटते. तरुण मुलीत ती कापू नये. सहा महिन्यांत ती आपली आपण आवळते, आणि आज कापली तर उद्या कमी पडते. जखम झालेली किंवा कागदासारखी पातळ पडलेली कातडी तेवढी काढावी लागते. त्याच बैठकीत इम्प्लांट, म्हणजे आकार भरून काढणारी कृत्रिम पिशवी, बसवणंही आम्हाला पटत नाही. वाढत्या वयात तर नाहीच.

गाठीची बाटली

आपल्याकडे काढलेली गाठ पुष्कळदा नातेवाइकांच्या हातात देऊन लॅबला पाठवतात. म्हणून हे नीट वाचा. बाटली रुंद तोंडाची हवी, तिच्यावर नाव आणि डावी-उजवी बाजू लिहिलेली हवी, आणि गाठीच्या आकारमानाच्या सुमारे दहापट १० टक्के फॉर्मॅलिन, म्हणजे गाठ कुजू न देणारं द्रावण, हवं. मोठ्या गाठीला लॅबमध्ये पोचल्याबरोबर काप द्यावे लागतात, नाहीतर फॉर्मॅलिन आत पोचत नाही, मधला भाग कुजतो आणि रिपोर्ट अर्धवट येतो. त्यामुळे ती घरी नेऊन सोमवारी देऊ म्हणू नका, त्याच दिवशी पोचवा. गाठीवर दिशा कळण्यासाठी सर्जनने दोऱ्याच्या खुणा ठेवलेल्या असतात. त्या कशाच्या आहेत हे फॉर्मवर लिहिलेलं आहे का, ते पाहा.

घरी आल्यावर

बहुतेक जणी दुसऱ्या दिवशी घरी जातात. पहिले २४ तास सर्वांत जपायचे. एक बाजू टणक होत फुगू लागली, दुखणं वाढलं किंवा ड्रेनमध्ये ताजं लाल रक्त भराभर भरू लागलं, तर आत रक्त साठतंय. रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठा. ड्रेन रोज ठरलेल्या वेळी मोजून वहीत लिहा. २४ तासांत ३० मिलीच्या खाली आला की साधारणपणे काढतात. नंतर आत पिवळसर पाणी साठून हलतं, तेही सुईने काढता येतं. पाचव्या-सातव्या दिवशी ताप, लाली, पू दिसला तर तो जंतुसंसर्ग. ब्रा पहिले चार ते सहा आठवडे रात्रंदिवस घालायची, फक्त अंघोळीला काढायची. हात पहिल्या दिवसापासून हळूहळू हलवा. पाण्याची कळशी, सिलिंडर, कडेवरचं मूल मात्र चार आठवडे उचलू नका. दुचाकी चालवणं हात न दुखता ब्रेक दाबता येईपर्यंत टाळा. स्तनाग्राची बधिरता काही महिने राहते, क्वचित कायमही राहते. जखम भरल्यावर व्रणावर सिलिकॉन जेल लावता येतं. घरात कुणाचे व्रण जाड होत असतील तर ते सर्जनला आधीच सांगून ठेवा.

पट्टी सुटल्यावर पहिलं दृश्य मन खट्टू करणारं असतं. स्तन सपाट, सुरकुतलेला, मधे खळगा. सहा आठवड्यांत सूज उतरते, तीन महिन्यांत कातडी आवळू लागते आणि खरा आकार सहा ते बारा महिन्यांत कळतो. मुलीला हे शस्त्रक्रियेआधीच सांगा, नाहीतर ती आरशासमोर रडत बसते आणि घरच्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. वर्षानंतरही फरक डोळ्यांत भरत असेल, तर पोटाची चरबी भरून किंवा दुसरी बाजू जुळवून तो कमी करता येतो. वाढीच्या वयात त्यासाठी दोन्ही स्तनांची वाढ थांबेपर्यंत धीर धरायचा.

फायब्रोएडिनोमाचा रिपोर्ट असेल तर सहा महिन्यांनी आणि वर्षाने दाखवा. जुवेनाइल प्रकारात त्याच किंवा दुसऱ्या स्तनात नवी गाठ येऊ शकते. फायलोड्स असेल तर पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी आणि सोनोग्राफी, कारण परतायची असेल तर ती बहुधा याच काळात परतते. घातक प्रकार निघाला तर कॅन्सर रुग्णालयात नाव नोंदवून पुढचं तिथे ठरवा. काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढण्याची गरज फायलोड्समध्ये सहसा नसते. स्तनाग्र आणि नळ्या राखल्या असतील तर पुढे बाळाला त्या बाजूनेही पाजता येतं. गरोदरपणात राहिलेल्या छोट्या गाठी वाढू शकतात, म्हणून दिवस गेल्यावर पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेचा कागद आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवा.